नोव्हेंबरच्या पावसाचा अंदाज आणि कोल्हापूरचे पाणी : जूनपर्यंतचा हिशेब

भोगावतीकाठ (धागाकर्ता)
नोव्हेंबर २०२३, पहिला आठवडा

शासनाने ३१ ऑक्टोबरला राज्यातील ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यात आपल्या जिल्ह्यातील हातकणंगले आणि गडहिंग्लज हे दोन तालुके मध्यम दुष्काळाच्या यादीत आहेत. त्याच सुमारास भारतीय हवामान विभागाचा नोव्हेंबर महिन्याचा अंदाज प्रसिद्ध झाला आणि ‘या महिन्यात पाऊस सरासरीइतका’ एवढेच वाक्य गावोगावच्या मोबाइलवर फिरू लागले. ते वाचून काही शेतकऱ्यांनी रब्बीचे बियाणे घेऊन ठेवले आहे, तर काहींनी उसाला पाणी देण्याची पुढची पाळी लांबवली आहे. म्हणून तो अंदाज नेमका कशाबद्दल आहे आणि कोल्हापूरने त्यातून काय घ्यावे, यावर सविस्तर चर्चा व्हावी असे मला वाटते.

पहिली गोष्ट अशी की ‘सरासरीच्या ७७ ते १२३ टक्के’ हा अंदाज दक्षिण द्वीपकल्पातील पाच उपविभागांसाठी दिलेला आहे: तमिळनाडू-पुदुच्चेरी, किनारी आंध्र, रायलसीमा, केरळ आणि दक्षिण अंतर्गत कर्नाटक. ईशान्य मोसमी पावसावर, म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबरच्या पावसावर, जगणारा तो प्रदेश आहे. कोल्हापूर हवामान विभागाच्या नकाशात ‘मध्य महाराष्ट्र’ उपविभागात मोडते, म्हणजे या पाचांत आपण नाही. शिवाय ७७ ते १२३ हा पट्टा इतका रुंद आहे याचे कारणच हे की नोव्हेंबरचा पाऊस वर्षागणिक फार कमीजास्त होतो. त्या पट्ट्याच्या तळाशी असलेले वर्षही कागदावर ‘सामान्य’ ठरते.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. कोल्हापूर शहराची नोव्हेंबरची सरासरी सुमारे तीस मिलिमीटर आहे आणि डिसेंबर ते फेब्रुवारी या तीन महिन्यांत मिळून पडणारा पाऊस अगदीच नगण्य असतो. तीस मिलिमीटरच्या १२३ टक्के म्हणजे सदतीस. हा सगळा पाऊस एकाच वेळी, सावकाश आणि वाहून न जाता पडला असे धरले, तरी उसाच्या एका भरपूर पाळीला पंचाहत्तर मिलिमीटरच्या आसपास पाणी लागते, म्हणजे एकरी सुमारे तीन लाख लिटर. सरासरीपेक्षा चांगला नोव्हेंबरसुद्धा उसाला अर्धी पाळी देतो, त्याहून अधिक नाही. टक्केवारी मोठी दिसते, पण ती ज्या आकड्याची आहे तो आकडाच लहान आहे.

यंदाचा हंगाम कसा गेला याची उजळणीही आवश्यक आहे. मोसमी पाऊस केरळात ८ जूनला पोचला आणि दक्षिण कोकणात ११ जूनला आला. पण अरबी समुद्रातील ‘बिपरजॉय’ चक्रीवादळाच्या काळात त्याची वाटचाल थांबली आणि आपल्याकडे पेरणीयोग्य पाऊस होण्यास जूनचा शेवटचा आठवडा उजाडला. जुलैने बरीच भरपाई केली. त्यानंतरचा ऑगस्ट मात्र देशपातळीवर १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, सरासरीपेक्षा ३६ टक्के कमी. माळावरचा सोयाबीन आणि भुईमूग शेंगा भरण्याच्या वेळेलाच तहानला. सप्टेंबरमध्ये पाऊस परतला, पण तोपर्यंत उत्पादनाचे जे व्हायचे ते होऊन गेले होते. देशाचा हंगाम सरासरीच्या ९४ टक्क्यांवर संपला आणि १९ ऑक्टोबरला मोसमी पावसाने देशाचा निरोप घेतला.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे की आता आकाशाकडून जूनपर्यंत मोजण्याजोगे काही येईल असे धरून कोणताही निर्णय घेऊ नये. आला तर तो वरचा समजावा. जे पाणी धरणांत, बंधाऱ्यांत, विहिरींत आणि जमिनीच्या ओलीत आज आहे, तेच आपले.

माळावरची शेती
(हातकणंगले तालुका)

काका, आपला हिशेब पटण्यासारखा आहे, तरी दोन शंका मांडते. आमच्याकडे ‘पडतील स्वाती तर पिकतील मोती’ असे जुनी माणसे म्हणतात आणि स्वाती नक्षत्राचा पाऊस पूर्वी या माळाने पाहिलेला आहे. २०१९ साली तर महापूर ओसरल्यानंतर ऑक्टोबर आणि नोव्हेंबरमध्येही इतका पाऊस झाला की काढणीला आलेला सोयाबीन शेतात उगवला. त्या वर्षी हिंदी महासागरातील द्विध्रुव धन होता असे वाचले होते. यंदाही तो धनच आहे असे सांगतात. मग यंदा तसा पाऊस होणारच नाही असे कशावरून म्हणायचे?

दुसरी शंका व्यवहाराची आहे. हस्त आणि चित्रा कोरडे गेल्यामुळे आमचा शाळू (रब्बी ज्वारी) पेरलाच गेला नाही. मुरमाड जमिनीत वीतभर खाली ओल नाही. विहिरीला सध्या दिवसाआड दोन तास मोटर चालेल इतके पाणी आहे. अशा वेळी शाळू पेरावा, हरभरा करावा की रान मोकळे ठेवावे, यावर जाणकारांनी स्पष्ट मत द्यावे.

हवामानाची वही

ताईंची पहिली शंका महत्त्वाची आहे, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

धन द्विध्रुव म्हणजे हिंदी महासागराचा पश्चिम भाग, आफ्रिकेच्या बाजूचा, नेहमीपेक्षा उबदार आणि पूर्व भाग, इंडोनेशियाच्या बाजूचा, नेहमीपेक्षा थंड. अशा वर्षी अरबी समुद्रात वादळे होण्यास अनुकूलता वाढते हे खरे आहे. २०१९ मध्ये ‘क्यार’ आणि ‘महा’ ही वादळे पाठोपाठ झाली. त्यांचा मार्ग आणि त्यांच्याकडे ओढल्या गेलेल्या ढगांचे पट्टे पश्चिम महाराष्ट्राच्या वाट्याला आले. यंदाही ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात अरबी समुद्रात ‘तेज’ हे तीव्र वादळ झाले, पण ते पश्चिमेकडे सरकत येमेनच्या किनाऱ्यावर गेले. त्याच आठवड्यात बंगालच्या उपसागरातले ‘हामून’ ईशान्येकडे वळून बांगलादेशात गेले. दोन्ही समुद्रांत एकाच वेळी वादळे झाली आणि आपल्याला त्यांचा थेंबही मिळाला नाही. समुद्र तापलेला असणे ही एक अट झाली. वादळ कोणत्या वाटेने जाईल ही वेगळी गोष्ट आहे आणि ती वाट महिनाभर आधी कोणीही सांगू शकत नाही.

त्यातच यंदा प्रशांत महासागरात एल निनो, म्हणजे तिथले पाणी नेहमीपेक्षा तापण्याची स्थिती, जोरात आहे. २०१९ च्या पावसाळ्यात तशी स्थिती नव्हती. एल निनोच्या वर्षी तमिळनाडूकडचा ईशान्य मोसमी पाऊस बरा होण्याकडे कल असतो, हा दिलासा त्या भागापुरता आहे. आपल्यापर्यंत त्या पावसाचे शेपूट पोचते ते पूर्वेकडून येणाऱ्या वाऱ्यांतील एखाद्या द्रोणीमुळे (कमी दाबाच्या लांबट पट्ट्यामुळे), आणि तेही दोन-तीन दिवसांच्या ढगाळ हवेच्या आणि तुरळक सरींच्या रूपात. एखाद्या गावात चाळीस मिलिमीटर आणि शेजारच्या गावात रस्ताही ओला नाही, असा तो पाऊस असतो. त्यावर एका शिवाराचे नियोजन करता येत नाही.

अंदाज कोणत्या मुदतीचा आहे हे पाहण्याची सवय आपण लावून घेतली पाहिजे. महिन्याचा किंवा हंगामाचा अंदाज हा शक्यतांचा असतो: कमी, सरासरीइतका आणि जास्त, या तीन खणांपैकी कोणत्या खणाकडे पारडे झुकते एवढेच तो सांगतो. हवामान विभाग दर गुरुवारी पुढच्या चार आठवड्यांचा विस्तारित अंदाज देतो. त्यातील पहिले दोन आठवडे शेतीच्या निर्णयाला बऱ्यापैकी उपयोगी असतात, पुढचे दोन केवळ दिशादर्शक. फवारणी, काढणी, पाणी देणे यांसाठी पाच दिवसांचा जिल्हानिहाय अंदाज पाहावा. शाळूच्या पेरणीसाठी हंगामी अंदाज पाहणे आणि सोयाबीन वाळवण्यासाठी महिन्याचा अंदाज पाहणे, या दोन्ही गोष्टींतून फसगतच होते.

प्रदेशाच्या सरासरीविषयीही एक सांगतो. मध्य महाराष्ट्र उपविभागात नंदुरबार, धुळे, जळगावपासून सोलापूर, सांगली, कोल्हापूरपर्यंतचे जिल्हे येतात. उणे १९ टक्क्यांपर्यंतची तूट ‘सामान्य’ वर्गात धरली जाते. उपविभाग सामान्य दिसत असताना त्यातील सांगली, सातारा, सोलापूर हे जिल्हे तुटीत होते. आपल्या जिल्ह्याच्या आत तर याहून मोठी दरी आहे. गगनबावड्याला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि शिरोळला त्याचा दहावा भाग. या दोन टोकांची सरासरी काढली की जो आकडा येतो तो जिल्ह्यातल्या कुठल्याच शेतकऱ्याचा नसतो.

पूर्व गडहिंग्लज

दुष्काळाच्या घोषणेविषयी थोडी भर घालतो, कारण आमच्या तालुक्याचे नाव यादीत आल्यावर पुष्कळ गैरसमज पसरले आहेत.

२०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेनुसार आधी पर्जन्याची तूट आणि पावसातील खंड पाहिला जातो, मग पेरणीचे क्षेत्र, पिकांची उपग्रहावरून दिसणारी स्थिती, जमिनीतील ओलावा, भूजल आणि जलाशयसाठा हे निर्देशक तपासले जातात आणि शेवटी निवडक गावांत पिकांची प्रत्यक्ष पाहणी होते. घोषणा झाली म्हणजे खात्यात रक्कम जमा होते असे नाही. लागू होणाऱ्या सवलती अशा आहेत: जमीन महसुलात सूट, सहकारी कर्जाचे पुनर्गठन, शेतीशी निगडित कर्जाच्या वसुलीस स्थगिती, कृषिपंपाच्या चालू वीजबिलात साडेतेहतीस टक्के सूट, विद्यार्थ्यांच्या परीक्षा शुल्कात माफी, रोजगार हमीच्या निकषांत काही शिथिलता, गरजेनुसार पिण्याच्या पाण्याचे टँकर आणि टंचाईच्या गावांत कृषिपंपाची वीज न तोडणे. यातील वसुलीची स्थगिती आणि वीजबिलाची सूट या दोन सवलती प्रत्येकाने आपल्या सोसायटीत आणि वीज कार्यालयात विचारून लागू करून घ्याव्यात. त्या आपोआप मिळतील या भरवशावर राहू नये.

आता नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात शासनाने उरलेल्या तालुक्यांतील १,०२१ महसूल मंडळे दुष्काळसदृश म्हणून जाहीर केली आहेत. निकष असा आहे की मंडळात सरासरीच्या ७५ टक्क्यांहून कमी आणि एकूण ७५० मिलिमीटरहून कमी पाऊस झालेला असावा. पूर्वेकडच्या मंडळांना हा निकष न्याय देतो. पण आजरा, भुदरगड, शाहूवाडीच्या पश्चिम भागाचा विचार करा. जिथे दोन हजार मिलिमीटर पडतो तिथे साठ टक्केच पडला तरी आकडा बाराशे होतो आणि ते मंडळ निकषाबाहेर राहते. तिथल्या डोंगरउतारावरचे भात आणि नाचणी मात्र त्या दोन हजारांच्या सवयीची आहेत आणि ऑगस्टमध्ये खाचरे भेगाळली तर जूनजुलैच्या पावसाचा त्यांना काही उपयोग नसतो. मला स्वतःला हा निकष पश्चिम कोल्हापूरसाठी अपुरा वाटतो. पावसाच्या एकूण आकड्याबरोबर पडलेल्या खंडाला अधिक वजन मिळायला हवे, अशी मागणी ग्रामसभांच्या ठरावांतून जावी.

कृष्णा-पंचगंगा संगम
(शिरोळ तालुका)

आमच्याकडे पाऊस कमी पडल्याचे फारसे कुणाला जाणवत नाही, कारण आमचा दुष्काळ नदीतून येतो. यंदा कोयना पूर्ण क्षमतेने, म्हणजे १०५ टीएमसीपर्यंत (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट), भरलेली नाही. उन्हाळ्यात कृष्णेत किती पाणी राहील ते तिथल्या विसर्गावर ठरणार आणि त्यावर सांगलीची मागणी असते, शिवाय कर्नाटकाचीही. नृसिंहवाडीला घाटाच्या पायऱ्या उघड्या पडू लागल्या की आम्हाला अंदाज येतो. शिरोळकरांनी वारणा आणि कोयना या दोन्ही धरणांचे आकडे दर आठवड्याला पाहावेत, एवढीच सूचना.

भोगावतीकाठ

उत्तम माहिती जमा होत आहे. मी आता धरणांच्या बाजूने लिहितो, कारण ‘राधानगरी जुलैअखेर भरले, दरवाजे उघडले, मग टंचाई कसली?’ हा प्रश्न मला रोज ऐकू येतो.

राधानगरीची क्षमता ८.३६ टीएमसी आहे, काळम्मावाडीची सुमारे २५.४, वारणेची ३४.४ आणि तुळशीची साडेतीनच्या आसपास. एक टीएमसी पाणी म्हणजे एक दिवसभर ११,५७४ क्युसेकचा (सेकंदाला तितक्या घनफुटांचा) प्रवाह. या मापाने राधानगरी काठोकाठ भरलेले असले, तरी त्यातून सतत एक हजार क्युसेक सोडल्यास ते सत्याण्णव दिवसांच्या आत रिकामे होईल. नोव्हेंबरच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत सुमारे दोनशे दहा दिवस आहेत. तेवढे दिवस पुरवायचे तर सरासरी ४६० क्युसेकच्या पुढे जाता येत नाही आणि यात बाष्पीभवन व न वापरता येणारा मृतसाठा वजा केलेलाच नाही. चांगल्या परतीच्या पावसाच्या वर्षी नदीकाठची पिके नोव्हेंबरपर्यंत धरणाचे पाणी मागत नाहीत, ओढे वाहते असतात आणि भोगावती, कासारी, कुंभी, तुळशी यांचा मूळ प्रवाहच पंचगंगा चालती ठेवतो. यंदा परतीचा पाऊस न झाल्यामुळे धरणाची पहिली मागणी लवकर सुरू झाली आहे. भरलेले धरण आणि पुरणारे धरण यांतला फरक इथे आहे.

यात कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचे महत्त्व फार मोठे आहे. पावसाळा संपला की बरगे (फळ्या) घालून नदीचे पाणी जागोजागी अडवायचे आणि पावसाळ्यापूर्वी ते काढून घ्यायचे, ही रचना या जिल्ह्याने राज्याला दिली. बरगे केव्हा घालायचे हा निर्णय खऱ्या अर्थाने हवामानाच्या अंदाजावर अवलंबून असतो: लवकर घातले आणि वरच्या बाजूला मोठा पाऊस झाला तर बंधाऱ्याला आणि काठाला धोका, उशिरा घातले तर तेवढे पाणी वाहून गेले. यंदाच्या कोरड्या अंदाजामुळे पहिला धोका जवळजवळ उरलेला नाही, म्हणून जिथे अजून बरगे बसलेले नाहीत तिथे ते तातडीने बसवले पाहिजेत. खराब झालेले बरगे, त्यांच्यातील फटी आणि दोन ओळींमधली माती नीट न भरल्याने होणारी गळती रात्रंदिवस चालू असते. पाणी संस्थांनी आपल्या हद्दीतील बंधारा स्वतः जाऊन पाहावा आणि गळतीची तक्रार लेखी द्यावी.

उपसाबंदीबद्दलही आताच बोलले पाहिजे. मार्च-एप्रिलमध्ये अचानक आठ-दहा दिवस मोटरी बंद ठेवण्याचा आदेश आला की ऊस होरपळतो आणि नदीकाठी वाद होतात. त्यापेक्षा डिसेंबरपासूनच दोन पाळ्यांमधले अंतर थोडे वाढवून वेळापत्रक जाहीर केले, तर प्रत्येकाला आपल्या पिकाची आखणी करता येईल. राजर्षी शाहू महाराजांनी राधानगरीच्या धरणाचा घाट घातला तो छप्पनच्या (सन १८९९-१९०० च्या) दुष्काळाची होरपळ पाहिल्यानंतरच्या दशकात. दुष्काळ येण्याआधी पाण्याची व्यवस्था लावायची, हे या संस्थानाने शंभर वर्षांपूर्वी करून दाखवलेले आहे.

वस्त्रनगरी
(इचलकरंजी)

शेतीच्या चर्चेत पिण्याच्या पाण्याचा मुद्दा मागे पडू नये. पंचगंगेचा प्रवाह कमी झाला की सांडपाण्याचे प्रमाण तेवढेच राहून ते पातळ होण्याचे थांबते. पाण्याला रंग आणि वास येतो, मासे मरतात. २०१२ मध्ये आमच्या शहरात काविळीची मोठी साथ आली होती, तिची आठवण अजून ताजी आहे. धरणातून सोडण्याच्या पाण्याचे नियोजन करताना नदी वाहती राहील इतका किमान प्रवाह हाही एक हक्काचा वाटा मानावा. घरोघरी पाणी उकळून पिण्याची सुरुवात उन्हाळ्याची वाट न पाहता आतापासून करावी.

पाचट
(करवीर तालुका)

मी ऊस आणि जनावरे या दोन्हींच्या बाजूने लिहितो.

ज्यांचा आडसाली (पावसाळ्यात लावलेला) ऊस उभा आहे त्यांना तो जगवण्याशिवाय पर्याय नाही, मात्र पूर्वहंगामी (ऑक्टोबर-नोव्हेंबरची) लागण करण्यापूर्वी प्रत्येकाने मे महिन्यातले पाणी डोळ्यांसमोर आणावे. ज्यांच्याकडे एप्रिलनंतर विहीर तळाला जाते त्यांनी नवी लागण कमी करावी, असे माझे ठाम मत आहे. खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून येणारे पीक) ठेवणाऱ्यांनी पाचट (उसाचा वाळलेला पाला) पेटवू नये. सरीत पसरलेले पाचट जमिनीची ओल धरून ठेवते आणि दोन पाळ्यांमधले अंतर वाढवता येते. ठिबक असलेल्या रानात पाट पाण्याच्या तुलनेत निम्म्याच्या आसपास पाण्यात ऊस निघतो, हे आपल्याच भागातील अनेक शिवारांत दिसते. पाण्याचा ताण पडलेल्या रानात हुमणीचा (मुळे खाणाऱ्या अळीचा) उपद्रव वाढतो, म्हणून पिवळी पडणारी बेटे उपटून मुळांशी पाहत राहावे.

वैरणीचा प्रश्न मात्र उसापेक्षा आधी येणार आहे. गाळप चालू आहे तोवर वाढे (उसाचे हिरवे शेंडे) मिळतात आणि गोठे तरतात. यंदा उसाचे वजन घटणार, गाळप लवकर आटोपणार आणि त्याबरोबर वाढेही लवकर संपणार. माळावर गवत यंदा गुडघाभरही झालेले नाही. दुधावर ज्यांचा घरखर्च चालतो त्यांनी थोड्या पाण्यावर मका किंवा कडवळ आताच करावे आणि सोयाबीनचे काड व भाताचा पेंढा विकून टाकू नये.

हवामानाची वही

आता ‘माळावरची शेती’ यांच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो, कारण तो मागे राहिला.

कोरडवाहू शाळूची पेरणी सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत व्हायला हवी. ती वेळ टळली आहे. शाळू जमिनीतील साठलेल्या ओलीवर वाढतो. आपल्या रानात वीतभर खालीही ओल नसेल तर पावसाच्या आशेवर बियाणे मातीत टाकू नये. नोव्हेंबरच्या अंदाजात किमान तापमान बहुतांश देशात सरासरीपेक्षा जास्त राहण्याचा कल दाखवलेला आहे. तसे झाले तर गव्हालाही हवी तशी थंडी मिळणार नाही, म्हणून गव्हाचा विचार सोडावा.

विहिरीला दिवसाआड दोन तास मोटर चालत असेल, तर जेवढे क्षेत्र एका रात्रीच्या पाण्यात ओलवता येते तेवढ्यावरच हरभरा करावा. हरभऱ्याला संपूर्ण हंगामात पंचवीस सेंटिमीटरच्या आसपास पाणी पुरते: पेरणीपूर्वी ओलवणी, मग फुलोरा येताना एक हलकी पाळी आणि घाटे भरताना दुसरी. विहिरीची पातळी दर आठवड्याला दोरीने मोजून लिहून ठेवावी. डिसेंबरच्या मध्यापर्यंत ती झपाट्याने खाली गेली तर दुसरी पाळी जनावरांच्या पाण्यासाठी राखावी. उरलेले रान मोकळे ठेवून एक उथळ कुळवाची पाळी मारून घ्यावी, म्हणजे भेगांतून जाणारी ओल थांबते.

माळावरची शेती

मनापासून आभारी आहे, सर. विहिरीजवळच्या अर्ध्या एकरात हरभरा आणि त्याला लागून चार सऱ्या मका, एवढेच करण्याचे घरी ठरले आहे. शाळूचे बियाणे पुढच्या वर्षासाठी राखेत घालून ठेवते. आमच्या गावच्या बंधाऱ्याचे बरगे बसले आहेत, पण उजव्या बाजूने गळती आहे असे पाटकरी सांगत होते. त्याचा लेखी अर्ज सोमवारी पाणी संस्थेतर्फे दिला जाईल. पुढच्या गुरुवारी नवा विस्तारित अंदाज आल्यावर तो याच धाग्यावर कोणीतरी मराठीतून लिहावा, ही विनंती.